आठवड्यातले तीन दिवस

१७९१ चा डिसेंबर. कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांचं बंड पेटून साडेतीन महिने झाले होते. उत्तरेच्या मैदानातले शेकडो ऊसमळे जळून खाक झाले होते. अशा वेळी बंडाचे दोन सेनापती, जाँ-फ्रान्स्वा आणि बियासू, गोऱ्या मळेवाल्यांच्या विधानसभेकडे एक सौदा घेऊन गेले. आमच्यातल्या म्होरक्यांना दास्यमुक्तीचे कागद द्या, झाल्या प्रकाराला माफी द्या, बाकीच्यांना मळ्यांवर परत घालण्याची जबाबदारी आमची. त्यांनी हेही बजावलं की आमच्या लोकांत आफ्रिकेतून आणलेल्यांचा भरणा आहे. त्यांना फ्रेंचचे दोन शब्द धड बोलता येत नाहीत, पण लढाई ठाऊक आहे. त्यांना कामावर वळवायचं तर आमच्याशिवाय तुमचं भागणार नाही. मुक्तीचे कागद आधी चारशे जणांसाठी मागितले होते. घासाघीस होत होत आकडा साठाच्या आसपास उतरला. या घासाघिशीत बियासूच्या छावणीतला एक पन्नाशीकडे झुकलेला मदतनीस होता, झाडपाल्याची औषधं जाणणारा, लिहिता-वाचता येणारा. त्याचं नाव तूसाँ. ‘लुव्हेर्तूर’ हे नाव त्याने अजून घेतलं नव्हतं.

मळेवाल्यांनी सौदा झिडकारला. बोलणी करायला आलेल्या जाँ-फ्रान्स्वावर एका मळेवाल्याने सगळ्यांदेखत चाबूक उगारला. साठ माणसं सोडून हजारो गुलाम परत मिळत असताना त्यांना तेही नको होतं. या मग्रुरीमुळेच बंड वाचलं.

पण दुसऱ्या बाजूलाही काही घडत होतं. सदिच्छा म्हणून सोडलेल्या गोऱ्या कैद्यांना शहराकडे नेताना वाटेत बंडखोरांचा जमाव तलवारी परजत आडवा आला. आपल्या पाठीमागे काहीतरी शिजतंय याचा वास त्यांना लागला होता. तह करायचा की नाही, केला तर कशाच्या बदल्यात, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पिचलेल्या माणसांच्या बंडाचे पुढारी आपल्या माणसांना खरोखर काही निवडू देतात का, हा प्रश्न हैतीइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. कारण इथलं बंड जिंकलं. हरलेल्या बंडात सगळा दोष शत्रूवर टाकून मोकळं होता येतं. जिंकलेल्या बंडात पुढाऱ्यांनी सत्ता हातात आल्यावर काय केलं, ते कागदोपत्री उरतं.

निवड खरी की नावापुरती, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं, ते पाहायचं.

बंडाआधीच्या सँ-दोमँगमध्ये सुमारे पाच लाख गुलाम होते आणि तीस-चाळीस हजार गोरे. जवळजवळ तितकेच मुक्त मिश्रवंशीय आणि मुक्त काळे होते. त्यांतल्या कित्येकांचे स्वतःचे मळे होते, गुलामही होते. गुलामांतले निम्म्याहून जास्त आफ्रिकेत जन्मलेले. माणसं इतक्या भराभर मरत की दरवर्षी नवी जहाजं भरून आणावी लागत. १७८९ मध्ये इथून सुमारे चौदा कोटी पौंड साखर आणि साडेसात कोटी पौंडांवर कॉफी बाहेर गेली.

साखर आणि कॉफी यांतला फरक इथे लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच उभं आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला सांगायला नको की तोडलेला ऊस थांबत नाही. तो वेळेत चरकात गेला नाही तर रस आंबतो आणि उतारा पडतो. म्हणजे तोड, वाहतूक, चरक, काहिली, सगळं एका लयीत चालायला हवं, रात्रंदिवस. सँ-दोमँगमध्ये त्यासाठी शेकडो माणसं एका मळ्यावर डांबलेली असत आणि त्यांच्यावर चाबूकवाला मुकादम असे. तोही गुलामच. कॉफीचं तसं नाही. डोंगरउतारावर चार झाडं लावून, बाजूला केळी-रताळी करून एक कुटुंब कॉफी पिकवू शकतं. साखरेला टोळी लागते, कॉफीला घर पुरतं.

बंडाची पहिली मसलत मात्र बऱ्यापैकी खुली होती. १४ ऑगस्ट १७९१ च्या रविवारी लनोर्मां द मेझी यांच्या मळ्यावर उत्तरेतल्या मळ्यांचे प्रतिनिधी जमले, एकेका मळ्याचे दोन. बहुतेक मुकादम आणि गाडीवान, म्हणजे गुलामांतले जरा वरच्या पायरीवरचे. तिथे एक कागद वाचला गेला: राजाने गुलामांना आठवड्यातले तीन दिवस स्वतःचे दिलेत, मळेवाले ते दाबून बसलेत. बातमी खोटी होती. पण मागणी काय होती ते त्यातून कळतं. त्या माणसांना स्वातंत्र्य म्हटल्यावर पहिल्यांदा सुचला तो वेळ, आपल्या तुकड्यात राबायचा वेळ. लगेच उठायचं की राजाच्या फौजेची वाट पाहायची, यावर वाद झाला. एका-दोघांनी उतावळेपणाने आग लावून वेळापत्रक बिघडवलं, आणि २२ ऑगस्टच्या रात्री मैदान पेटलं. जे मळ्यांवरून हलायला तयार नव्हते त्यांना धमकावून ओढून नेल्याच्या नोंदी आहेत. आगीच्या रात्री मतमोजणी होत नाही, हे मी मान्य करतो. त्या रात्रीपुरतं.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १७९३ रोजी, फ्रेंच आयुक्त सोंतोना याने उत्तरेत गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं. त्याला इंग्रज आणि स्पॅनिश फौजांविरुद्ध सैनिक हवे होते. माणुसकीपेक्षा नड मोठी होती. पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतिकाळातल्या फ्रेंच विधिमंडळाने, ४ फेब्रुवारी १७९४ रोजी त्यावर शिक्का मारला. पण मुक्ती आणि मळा यांची ताटातूट कोणालाच नको होती. मुक्त झालेल्यांनी त्याच मळ्यावर राहायचं आणि उत्पन्नाचा हिस्सा घ्यायचा, असा नियम झाला.

इथे पॉल्व्हरेल या दुसऱ्या आयुक्ताने एक गंमत केली. त्याने लोकांपुढे पर्याय ठेवला. आठवड्याचे सहा दिवस काम केलंत तर पूर्ण हिस्सा. शनिवारही स्वतःकडे ठेवलात तर निम्मा. अनेक मळ्यांवर लोकांनी शनिवार घेतला. काहींनी शनिवार घेऊन वर पूर्ण हिस्साही मागितला, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं. बायकांचा हिस्सा पुरुषांपेक्षा कमी ठेवला होता. त्यांनी विचारलं, आम्ही त्याच वेळी शेतात जातो, त्याच वेळी परततो, मग कमी का? पॉल्व्हरेल काही लोकांचा पुढारी नव्हता, फ्रेंच सरकारचा नोकर होता, आणि त्याचा पर्याय कंजूष होता. तरी माझ्या कसोटीला तो उतरतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याचं तिथे नुकसान होत होतं, पण त्याला कोणी पकडून नेत नव्हतं.

तोवर स्पॅनिशांच्या बाजूने लढणारा तूसाँ १७९४ मध्ये त्यांना सोडून फ्रेंचांकडे आला आणि पाच-सहा वर्षांत वसाहतीचा खरा मालक झाला. हा माणूस समजून घ्यायला अवघड आहे. तो जन्माने गुलाम होता, पण बंडाच्या पंधराएक वर्षं आधीच मुक्त झाला होता. १७७९ मध्ये त्याने एक कॉफीचा मळा तेरा गुलामांसह भाड्याने चालवायला घेतला होता. याचे कागद सापडले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर त्याची चरित्रं जरा जास्तच भाबडी होती. लढवय्या म्हणून तो अफाट, मुत्सद्दी म्हणून त्याहून वरचढ. गुलामगिरी परत येऊ द्यायची नाही हा त्याचा निर्धार खरा होता, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न त्याच्या हेतूचा नाहीच.

१७९६ च्या फेब्रुवारीतला एक प्रसंग त्याच्याच पत्रातून कळतो. पोर-द-पे भागातल्या डोंगरात एत्येन दाती नावाच्या अधिकाऱ्यामागे शेतमजूर बिथरले होते. तूसाँ घोड्यावरून तिथे गेला, सगळ्यांना बोलावलं आणि काय झालं ते विचारलं. लोकांनी गाऱ्हाणी मांडली. कामाचा मोबदला मिळत नाही. समानता म्हणतात ती कुठे दिसत नाही. कोंबड्या-डुकरं विकायला शहरात नेली की ती हिसकावून घेतात. तक्रार केली तर शिपाई तुरुंगात टाकतात, तिथे खायला देत नाहीत आणि सुटायला पुन्हा पैसे भरायला लावतात. किती नेमकी तक्रार आहे! त्यात ना राजा आहे, ना क्रांती. कोंबडी आहे, शिपाई आहे, आणि सुटकेसाठी मोजलेला पैसा आहे.

तूसाँने उत्तर दिलं ते असं: तुमची गाऱ्हाणी खरी असतीलही, पण हत्यार उचलून तुम्ही मला मान खाली घालायला लावलीत. आपले शत्रू म्हणतात की काळा माणूस स्वातंत्र्याच्या लायकीचा नाही, तो काम करणार नाही, फक्त चोरी आणि खून करील. तुम्ही त्यांना पुरावा दिलात. लोक वरमले, कामावर गेले. त्याच वर्षी त्या भागात पुन्हा गडबड झाली.

या उत्तरात एक युक्ती आहे, आणि ती आपल्याकडच्या वाचकालाही अनोळखी वाटणार नाही. मागणी रास्त आहे हे मान्य करायचं, पण ती मागितल्याने समाजाची बदनामी होते म्हणून गप्प बसवायचं. शत्रू काय म्हणेल या एका धाकाने आतला प्रत्येक प्रश्न बाद होतो. शिपायाने कोंबडी का नेली, याचं उत्तर त्या सभेत मिळालंच नाही.

१२ ऑक्टोबर १८०० रोजी तूसाँने शेतीचा हुकूम काढला. त्यातला युक्तिवाद सैनिकाचा होता. शिपाई जसा परवानगीशिवाय पलटण सोडू शकत नाही, तसा शेतमजूर मळा सोडू शकत नाही. मुक्तीनंतर जे शहरांत जाऊन छोटी-मोठी कामं करू लागले होते त्यांनी आपापल्या जुन्या मळ्यांवर परतायचं. देखरेख सेनाधिकाऱ्यांकडे. चाबकाला बंदी होती, म्हणून मुकादमांनी आणि अधिकाऱ्यांनी जाड सोटे हाती घेतले. देसालीन या सेनापतीचा दरारा त्यासाठीच पसरला. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मजुरांचा. तो हातात पडेलच याची खात्री नव्हती. पळून गेलेल्या गोऱ्या मालकांचे मळे सैन्यातले वरिष्ठ अधिकारी भाड्याने घेत, त्यामुळे देखरेख करणारा आणि नफा खाणारा बऱ्याचदा एकच असे.

तरीही लोकांनी एक पळवाट काढली होती. दोघे-तिघे मिळून, पै-पैसा गोळा करून डोंगरात जमिनीचा लहानसा तुकडा विकत घ्यायचा आणि मळा सोडायचा. कायद्याने पैसे मोजून, कोणाची चोरी न करता. ७ फेब्रुवारी १८०१ च्या फर्मानाने ती वाटही बंद झाली: पन्नास कारोंपेक्षा, म्हणजे सुमारे १६० एकरांपेक्षा, कमी जमिनीचा व्यवहार नोंदवायचा नाही. या एका आकड्यात मला तूसाँचं सगळं राज्य दिसतं. १६० एकर घेणारा मजूर त्या बेटावर नव्हता.

त्याच वर्षीच्या जुलैत जाहीर झालेल्या राज्यघटनेत तिसऱ्या कलमाने गुलामगिरी कायमची रद्द केली. चौदा-पंधराव्या कलमांत म्हटलंय की वसाहत शेतीप्रधान असल्याने लागवडीत जराही खंड पडता कामा नये, आणि मळा म्हणजे एक कुटुंब, मालक त्या कुटुंबाचा बाप. पुढे तूसाँ तहहयात गव्हर्नर, वारस नेमण्याचा अधिकारही त्याचाच. ही घटना लिहिणाऱ्या मंडळात पूर्वाश्रमीचा एकही गुलाम नव्हता.

तूसाँच्या बाजूने बोलायचं तर बरंच बोलता येतं. नेपोलियन टपून बसला होता. बंदुका आणि दारूगोळा अमेरिकन व्यापाऱ्यांकडून यायचा आणि त्याची किंमत साखर-कॉफीत चुकवावी लागायची. मळे बंद पडले तर फौज नाही, फौज नाही तर पुन्हा साखळदंड. हे गणित चुकीचं नव्हतं. २० मे १८०२ रोजी नेपोलियनने वसाहतींतल्या गुलामगिरीला कायद्याने उभं केलंच. माझा आक्षेप वेगळा आहे. हे गणित त्याने कधी लोकांसमोर मांडलं नाही. साखर किती लागेल, कॉफीवर भागेल का, छोट्या शेतकऱ्याकडून कर घेऊन बंदुका येतील का, हे प्रश्न विचारायची सोयच ठेवली नाही. आणीबाणीची सबब एका रात्रीची असते. ती दहा वर्षं चालवली की तिचा राज्यकारभार होतो.

प्रश्न विचारणारा घरातलाच निघाला. मोईझ हा तूसाँचा मानलेला पुतण्या, उत्तरेचा सेनापती आणि तिथल्या शेतीचा निरीक्षक. काकाच्या हुकमाप्रमाणे आपल्याच लोकांवर जुलूम करायला तो तयार नव्हता, जमीन लहान तुकड्यांत वाटावी असं त्याचं मत होतं, असं सांगितलं जातं. १८०१ च्या ऑक्टोबरात उत्तरेत मजूर मोईझच्या नावाने घोषणा देत उठले, दोनशेवर गोरे मारले गेले. मोईझचा त्यात प्रत्यक्ष हात किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तूसाँने ती चौकशी लांबवली नाही. नोव्हेंबरअखेर मोईझला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच महिन्यात ओळखपत्रांचा आणि परवान्यांचा नवा, अधिक कडक हुकूम निघाला.

सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८ साली ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ हा ग्रंथ लिहिला. तूसाँवर इतकं प्रेम करणारा लेखक दुसरा नसेल, पण मोईझच्या वधापाशी तेही थबकतात. गोऱ्यांना सांभाळण्याच्या नादात तूसाँने स्वतःच्या माणसांना काही समजावून सांगितलं नाही आणि ऐन गरजेच्या वेळी त्यांना गोंधळात टाकलं, असा त्यांचा ठपका आहे. गरजेची वेळ तीन महिन्यांतच आली. १८०२ च्या फेब्रुवारीत नेपोलियनचा मेहुणा लक्लेर वीस हजारांवर फौज घेऊन उतरला. लढाया घनघोर झाल्या, पण मे महिन्यापर्यंत तूसाँचे सेनापती क्रिस्तॉफ व देसालीन आणि खुद्द तूसाँ यांनी शरणागती पत्करली. जूनमध्ये तूसाँला कपटाने पकडून फ्रान्सला नेलं. पुढच्या एप्रिलमध्ये जुरा पर्वतातल्या किल्ल्यात थंडीने खंगून तो मेला.

आणि आता या प्रकरणाचा खरा भाग येतो. सगळे मोठे सेनापती फ्रेंचांच्या नोकरीत असताना लढत कोण राहिलं? डोंगरातल्या टोळ्या. मळ्यांवरून पळालेले, बहुतेक आफ्रिकेत जन्मलेले लोक, ज्यांना तूसाँच्या राजवटीत गुंड-भटके म्हणून हिणवत. माकाया, सिल्ला, साँ-सूसी ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. क्रिस्तॉफ आणि देसालीन फ्रेंचांतर्फे त्यांच्या पाठलागावर होते. ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत गुलामगिरी परत आणल्याची बातमी त्या उन्हाळ्यात पोचली, बंड सगळीकडे पसरलं, आणि मग ऑक्टोबरात सेनापती पुन्हा बाजू बदलून नेतृत्व करायला हजर झाले. साँ-सूसीने त्यांना विचारलं की काल माझी शिकार करणारे तुम्ही आज माझे वरिष्ठ कसे? अखेर देसालीनचं नेतृत्व त्याने कबूल केलं, क्रिस्तॉफचं मात्र नाही. १८०३ च्या सुरुवातीला क्रिस्तॉफने त्याला बोलणी करायला बोलावलं. तो थोड्याच साथीदारांनिशी गेला, आणि संगिनींनी भोसकला गेला. पुढे राजा झालेल्या क्रिस्तॉफने मिलो गावी बांधलेल्या राजवाड्याचं नाव साँ-सूसी आहे. हैतीचे इतिहासकार मिशेल-रॉल्फ त्रुयो यांनी १९९५ मध्ये या नावाकडे लक्ष वेधेपर्यंत बहुतेकांना प्रशियाच्या राजाचा त्याच नावाचा राजवाडा आठवायचा, मारलेला माणूस नाही.

म्हणजे तूसाँचा मुख्य बचावच लटका पडतो. शिस्तीच्या मळ्यांशिवाय स्वातंत्र्य टिकणार नाही, असं तो म्हणत होता. प्रत्यक्षात १८०२ च्या उन्हाळ्यात स्वातंत्र्य टिकवून धरलं ते ती शिस्त न मानणाऱ्यांनी.

१ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवं काही नाही. देसालीनने मळ्यांची सक्ती चालू ठेवली. १८०६ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला मारलं. उत्तरेत क्रिस्तॉफने १८१२ मध्ये जाडजूड कायदेसंहिता काढून मजुराच्या दिवसाचे तास ठरवले. दक्षिणेत पेत्यों याने मात्र १८०९ पासून सैनिकांना जमिनी वाटल्या, आणि त्याची आठवण लोकांनी मायेने जपली. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. ती भरण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ब्वाये याने पुढच्याच वर्षी ग्रामीण कायदा आणला: मजूर पुन्हा मळ्याला बांधलेला, गाव सोडायला परवाना.

या वेळी कोणी बंड केलं नाही. त्याची गरज उरली नव्हती. लोक डोंगरात पांगले होते, अंगणाभोवती नातलगांच्या झोपड्या बांधून राहत होते, स्वतःच्या तुकड्यात केळी, कंद आणि कॉफी करत होते. पकडायला जाणारा शिपाई त्यांच्यातलाच, त्याचीही शेती होती. कायदा कागदावर राहिला. ज्या बेटावरून १७८९ मध्ये चौदा कोटी पौंड साखर गेली होती, तिथून १८२६ च्या सुमारास ती नावापुरतीच जात होती. कॉफी मात्र तीन कोटी पौंडांवर.

पुढाऱ्यांनी या लोकांना मळेवाल्यांपासून सोडवलं, त्याचं श्रेय तूसाँचंच, आणि ते थोडंथोडकं नाही. निवड मात्र त्याने दिली नाही, देसालीनने दिली नाही, क्रिस्तॉफने तर मागणाऱ्याला मारलं. आठवड्यातले तीन दिवस मागायला निघालेल्यांनी सातही दिवस घेतले, ते कोणाला न विचारता.